पाच व्होल्टचा उतारा

आमच्या घरात सातबारा आहे, उतारा आहे, जमीन नाही. इथे गुजरातेत, वासण्याला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, तोही बाबा रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घेतलेला. सातबारा म्हणजे एक काळी, विटेएवढी बॅटरी, जुन्या यूपीएसमधून निघालेली. तिच्या अंगावर बारा व्होल्ट, सात अँपिअर-तास असं छापलंय, म्हणून बाबा तिला सातबारा म्हणायला लागले. आणि तिचे बारा व्होल्ट उतरवून पाच करणारी जी बारीक पट्टी बाबांनी साबणाच्या डबीत बसवली आहे, तो उतारा. "माझ्या नावावर एवढाच सातबारा," असं ते आल्यागेल्याला सांगतात. विनोद कधीच शिळा झाला, शब्द मात्र घरात राहिले.

घरातले शब्द बाहेर न्यायचे नसतात हे मला कळायला हवं होतं. मी शब्दांचंच काम करते. पत्रकं लिहिते, घोषणा लिहिते, निवेदनं लिहिते. कॉलेजात असल्यापासून हेच.

व्होल्ट उतरवायचे ते आईच्या माइकसाठी. आई शाळेत शिकवायची. शेवटची काही वर्षं घसा साथ देईना, तेव्हा तिने कमरेला बांधायचा छोटा स्पीकर घेतला होता, डोक्यावरून तोंडाशी येणारा माइक असलेला. ती निवृत्त झाली, तो कपाटात पडला आणि आतला सेल फुगला. बाबांनी सेल काढून टाकला आणि बाहेरून पाच व्होल्ट देता येतील अशी वायर काढली, टोकाला गोल पिन. मी म्हटलं, एवढं कशाला, पॉवर बँक लावा की, तीही पाचच देते. बाबा म्हणाले, लावून बघू. एका जुन्या चार्जरची वायर जोडून लावली. बोलत होतो तोवर ठीक. जरा थांबलं की पॉवर बँकेला वाटायचं काम संपलं, आणि ती आपली आपण बंद व्हायची.

"बोलणाऱ्याने विचार करायला थांबायचं नाही, असा हिचा आग्रह आहे," बाबा म्हणाले. "तुमच्या सभांना बरी."

त्यांचा पहिला उतारा वेगळा होता. तीन पायांचा एक तुकडा आणि त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी. पाच बरोबर द्यायचा, पण असा तापायचा की बोट लावलं तर फोड यावा. मी विचारलं, एवढा का तापतो. "बारा येतात, पाच कामाला जातात. उरलेले सात कुठे जाणार? नुसते तापतात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या ओळखीचंच आहे हे, पत्रकबाई."

दुसरा उतारा तापत नाही. त्याच्यावर एक निळा ठोकळा आहे, त्याच्या डोक्यावर बाजरीच्या दाण्याएवढा पितळी स्क्रू. तो फिरवायचा. बरेच फेरे फिरवले तरी मीटरवर काही हलत नाही, मग एकदम आकडा उतरायला लागतो. बाबा मीटर लावल्याशिवाय काही जोडत नाहीत. आधी मोज, मग जोड. सिग्नल खात्यात जन्म गेलेला माणूस, त्यांच्याकडे घाई नावाची वस्तू नाही. माझ्याकडे तेवढीच आहे.

हा सगळा खटाटोप एका बाईच्या आवाजासाठी होता. करजणच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं. गावाला लागून रंगाचा कारखाना आहे आणि त्याला आणखी वाढायचंय. कारखान्याच्या मागे नाला, नाल्याच्या कडेला काकींची विहीर. गाव त्यांना काकी म्हणतं, मीही म्हणते. विहिरीचं पाणी आधी पिवळट झालं, मग त्यावर तवंग यायला लागला. घागरीत एक दिवस ठेवलं की आतून रेघ उमटते. ती रेघ घासून निघत नाही.

काकींना हे कारखान्याच्या वाढीवरच्या लोकसुनावणीत स्वतः सांगायचं होतं. अडचण ही की त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हा गेलेला आवाज परत आलाच नाही. उरली ती नुसती हवा. समोर बसून ऐकलं तर शब्दन् शब्द कळतो. चार हात लांब गेलं की फक्त ओठ हलताना दिसतात.

पहिल्या सुनावणीला त्या बोलल्या होत्या. सरकारी माइक एका माणसाच्या हातात होता. कारखान्याच्या बाजूने बोलणाऱ्याच्या ओठांना तो माइक चिकटवायचा आणि विरोधातलं कोणी उठलं की त्याचा हात दुखायला लागायचा. नंतर इतिवृत्त आलं. त्यात उपस्थितांनी समाधान व्यक्त केल्याचं लिहिलं होतं. काकी त्यात कुठेच नव्हत्या. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "एटले हुं गई ज नहोती?" म्हणजे मी गेलेच नव्हते का.

आता दुसरी सुनावणी लागली होती. मी म्हटलं, काकी, तुम्ही सांगा, मी लिहून घेते आणि तिथे वाचते. मला चांगलं वाचता येतं.

"मारुं हुं बोलीश."

माझं मी बोलेन. मी पुन्हा समजावलं, त्यांनी पुन्हा तेवढेच तीन शब्द उच्चारले. तेव्हा आईचा माइक निघाला. एका दुपारी बाबांची बॅटरी आणि डबी घेऊन मी गावात गेले, त्यांच्या ओसरीवर त्यांच्या कमरेला स्पीकर बांधला. त्या काहीतरी बोलल्या आणि स्वतःच दचकून मागे वळून बघायला लागल्या. "आ कोण बोले छे?" मग पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारची म्हैस सोडून सगळे हसले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मला गावात मुक्कामाला जायचं होतं. पत्रकांचे दोन गठ्ठे होते आणि बॅनर होता. बॅटरी विटेएवढीच, पण वजनाला दोन किलोच्या वर. सगळं एकदम नेणं शक्य नव्हतं. मी पत्रकं उचलली. आता लिहितानाही लाज वाटते. जिला माझं लिहिलेलं नको होतं, तिच्यासाठी मी माझं लिहिलेलं नेलं आणि तिला हवी होती ती बॅटरी घरी ठेवली. माइक तेवढा पिशवीत टाकला.

बॅटरी आणि डबी आणायचं काम आमच्या गटातल्या भाईंना दिलं. पाणीगेटला त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, आमची पत्रकं तेच काढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाइकवरून येणारच होते. बसमध्ये उभ्याउभ्या मी त्यांना गुजरातीत मेसेज केला: काले सातबार अने उतारो लेता आवजो, भूलता नहीं. उद्या येताना घेऊन या, विसरू नका. पलीकडून अंगठा आला. बाबांना फोन करून सांगितलं, सकाळी माणूस येईल, पिशवी तयार ठेवा.

भाई आमच्या घरी कधी आलेले नव्हते. त्यांनी पत्ता विचारला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सकाळी मंडपाच्या दाराशी मी पत्रकं वाटत होते. भाई वेळेवर पोचले. घामाने निथळत होते, पण खूश. पिशवीतून त्यांनी स्पायरल लावलेल्या तीन जाडजूड फाइली काढल्या.

"नाल्याकडची सगळी घरं घेतली. एक पण सोडलं नाही," भाई त्यांच्या मराठीत म्हणाले. "दुकानात बसून एकेक सर्व्हे नंबर टाकला ने कॉम्प्युटरवरून काढले. आठ-अ पण काढले. तमे लख्युं हतुं ने, तुम्हीच लिहिलेलं, सातबार अने उतारो."

मी फाइलींकडे बघत राहिले. वरच्या पानावर काकींच्या नवऱ्याचं नाव होतं.

"बॅटरी?"

"कई बॅटरी?"

"सातबारा म्हणजे बॅटरी, भाई."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. ऊन लागलंय का हिला, अशा नजरेनं. "कोणत्या भाषेत, बेन?"

मी फोन शोधायला लागले. फोन पिशवीत पत्रकांच्या खाली होता. बाबांचे चार मिस्ड कॉल. मी फोन लावला.

"तुझा माणूस आला नाही."

"येणार नाही. चूक माझी."

"मी निघतो."

"बाबा, तुम्ही पोचेपर्यंत सगळं आटपेल."

"आटपलं तर आटपलं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचा गुडघा दुखतो. दोन बस बदलाव्या लागतात, मग रिक्षा.

मंडपात नावं पुकारायला सुरुवात झाली होती. काकी पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, धुतलेली साडी, कमरेला आईचा स्पीकर, तोंडाशी माइक. त्यांनी स्वतःच बांधून घेतला होता. वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी हाताने खूण केली, आलेच.

माइक पाच व्होल्टवर चालतो एवढं भाईंना घाईत सांगून मी त्यांच्या बाइकची सीट उचलली. खाली बॅटरी होती.

"बेन, आ बार व्होल्टनी छे."

"माहीत आहे."

"ने पेलुं माइक पांचनुं."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पाच मिनिटं चालेल."

"हे बल्ब नाही, जरा जास्त उजेड देऊन चालेल." भाई कागदाचे माणूस, पण एवढं त्यांनाही कळत होतं. "थोभो ने, कोणाला तरी विचारू."

मी थांबले नाही. मला एवढा राग आला होता. कोणाचा ते धड सांगता येणार नाही, भाईंचा नव्हता, बहुतेक माझाच, पण डोक्यात चाललं होतं ते मात्र सगळं सुनावणी घेणाऱ्या साहेबांबद्दल, कारखान्याबद्दल, त्या हात दुखणाऱ्या माइकवाल्याबद्दल. बॅटरी काढून कापडी पिशवीत घातली, काकींच्या शेजारी जाऊन बसले, दातांनी गोल पिन तोडली, वायर सोलली आणि दोन टोकं बॅटरीला टेकवली.

स्पीकरमधून एकदा "टप" असा आवाज आला. बाकी काही नाही. मग वास आला. काकींनी कमरेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

त्यांचं नाव त्यानंतर लगेच पुकारलं गेलं.

त्या उभ्या राहिल्या. सरकारी माइकवाला आला, त्याने माइक हातभर लांब धरला. त्या बोलायला लागल्या. काही ऐकू येईना. साहेब म्हणाले, जरा जोरथी बोलो, बेन. मागून कारखान्याचे कामगार म्हणून आणून बसवलेले लोक हसले. आणि मी उठून घोषणा सुरू केली: काकीने बोलवा दो, काकींना बोलू द्या. आमचे सगळे उठले. पत्रकं हवेत, मुठी हवेत, बोलवा दो, बोलवा दो. घोषणा चांगली बसली होती, तालात, मंडपाचा पत्रा घुमत होता. त्या आवाजाखाली काकींचे ओठ हलत होते.

त्या थांबल्या नाहीत. जेवढं बोलायचं ठरवलं होतं तेवढं पूर्ण बोलल्या, हात जोडले, खाली बसल्या. मग आमच्या लक्षात आलं की त्यांचं झालं, आणि आम्हीही हळूहळू गप्प झालो.

शेवटी साहेबांनी टिपण वाचून दाखवलं. एका बहेनची रजूआत, म्हणजे म्हणणं, गोंगाटामुळे समजू शकली नाही. मी उठले, हरकत घेतली, आणि नेहमीच्या पट्टीत दोन वाक्यं बोलल्यावर माझी मीच थकून गेल्यासारखी झाले. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. गोंगाट आमचा होता.

"लेखी आपो," साहेब म्हणाले. चष्मा पुसत होते, तेही थकलेले दिसत होते.

लेखी माझ्याकडे दोन गठ्ठे होते, पण त्यात काकींचा एक शब्द नव्हता. तेवढ्यात भाई पुढे झाले आणि त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. काकींचं पान उघडून दाखवलं. त्यात विहिरीची नोंद होती. कारकुनाने पान ओढून घेतलं, शिक्का मारला आणि पोच दिली. कागद दिसला की ती माणसं शांत होतात.

बाबा पोचले तेव्हा मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. खांद्याला पिशवी, एका बाजूला कललेले. काकी ओट्यावर बसल्या होत्या, स्पीकर अजून कमरेला होता. बाबांनी आधी वास घेतला.

"बारा दिलेस?"

"हो."

ते वाकले. वायरीचं सोललेलं टोक उचलून बघितलं. "पिन दातांनी तोडलीस?"

"हो."

"तुझ्या पिशवीत पॉवर बँक असते ना?"

मी उघडून बघितलं. पिशवीत पॉवर बँक होती, चार्जरची वायर होती. ज्या दातांनी ती पिन तोडली त्याच दातांनी ती वायर सोलता आली असती. काकी थांबणार नव्हत्या, बँक झोपली नसती. घरी आम्ही हेच करून बघितलं होतं. मला आठवलंच नाही. मला फक्त बारा दिसत होते.

बाबा काकींकडे वळले. त्यांनी पिशवीतून बॅटरी आणि डबी काढून ओट्यावर ठेवली, पाहुण्याने आणलेला खाऊ ठेवावा तशी. "उशीर झाला, बेन."

काकींनी त्यांना जवळ बोलावलं. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ते उजवा कान पुढे करून त्यांच्या शेजारी बसले. आणि काकींनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी फोन काढला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. अर्ध्या हातावर. प्रत्येक शब्द येत होता. श्वाससुद्धा.

त्यांनी विष, प्रदूषण असलं काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, सासूने मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी या विहिरीवर पाठवलं होतं. म्हणाल्या, तुळशीला हे पाणी घालणं बंद केलं, पानं करपतात. आणि मग म्हणाल्या, माझ्या घरी पाहुणा आला तर मी त्याला पाणी विचारत नाही. पंचायतीचा टँकर आला असेल तर विचारते. नसेल तर इकडचं तिकडचं बोलत बसते आणि मनात म्हणते, याला तहान लागू नये.

बाबा मान हलवत होते. त्या थांबल्या, तेही थांबले. मग काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दीकरी, तमे लोको बूमो बहु पाडो छो."

बूम म्हणजे आपली बोंब. भाषांतराची गरज नव्हती.

घरी आल्यावर आईने स्पीकर हातात घेतला, उलटा करून बघितला. "यावर मी वर्गच्या वर्ग गप्प बसवले," म्हणाली. "तू म्हणे माणसं बोलती करणार." पण तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, कपाटात नाही.

काकींचं बोलणं मी उतरवून काढलं. दोन दिवस लागले, कारण प्रत्येक ओळीला माझा हात काहीतरी चांगलं घालायला जायचा. "विषारी" हा शब्द मी तीनदा घातला आणि तीनदा खोडला. भाईंनी छापून दिलं. गावात जाऊन काकींना वाचून दाखवलं. त्यांनी एक चूक काढली, सासूने दुसऱ्या नाही, तिसऱ्या दिवशी पाठवलं होतं असं आता आठवतं म्हणाल्या. अंगठा नाही, सही केली. ते आम्ही कचेरीत दिलं. शिक्का मिळाला.

इतिवृत्त आलं तेव्हा त्यात एकच ओळ होती. एका बहेनने सात-बारचा उतारा सादर केला. पाण्याचं नाव नाही, पाहुण्याचं नाही. म्हणजे या खेपेला काकी तिथे होत्या, एवढं तरी सरकारला मान्य झालं. त्यांचं निवेदन मागे जोडलंय की कुठल्या गठ्ठ्यात पडलंय, ते विचारायला मी दोनदा जाऊन आले. साहेब बदलले आहेत. पुन्हा जायचं आहे.

मी काकींना फोनवर ती ओळ वाचून दाखवली. पलीकडून हवा आली, मग थांबली, मग पुन्हा आली. फोनवर त्यांचं छान ऐकू येतं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. मशीन दुरुस्त झालं का, आणि पुढची तारीख कधी. तारीख नाही म्हटलं. "वांधो नहीं," म्हणाल्या, "हुं छुं." मी आहे.

बाबांनी स्पीकरमध्ये नवीन पट्टी बसवली आहे. डबीच्या झाकणावर मी मार्करने मराठीत आणि गुजरातीत लिहिलंय: हा सातबाराचा उतारा नाही. भाई ते वाचून अजून हसतात. काल त्या उताऱ्यातलीही पट्टी बाबांनी बदलायला घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी फिरवायला लागले. पाच फेरे, सहा फेरे. मीटरवर आकडा जागचा हलेना.

"हे बिघडलंय."

"किती आहे?"

"बारा. मघापासून बाराच."

"बिघडलं नाही. फिरव," बाबा म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.